हौसाच्या अंगातल्या हाका

हौसा,

घरात सगळे आता तुझ्याबद्दल 'ती' म्हणून बोलतात. ती असं करायची, तिला अमुक आवडायचं. मला ते जमत नाही. काल शेजारची गंगूकाकू दारात येऊन म्हणाली, "लई गुनाची व्हती पोर," तर मी तिच्याकडे असा बघत राहिलो की ती बिचारी घाबरून माघारी गेली. म्हणून हा कागद घेतला. इथं तरी तुला 'तू' म्हणता येतं. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण कळून काय उपयोग? स्टेशनावरच्या पार्सल ऑफिसात बसतो, पावत्या फाडतो, पोती मोजून घेतो, आणि मनात तुझ्याशी एकसारखा भांडत असतो. तोंडानं पुटपुटतोही म्हणे. हमाल माझ्याकडे बघून मान वळवतात.

हो, भांडायचंच आहे मला. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू उठून गेलीस.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तू काळवंडायला लागलीस. मुळात तू गव्हाळ. भामा नदीकाठच्या तुमच्या गावातून चिंचवडात आलीस तेव्हा आई मोठ्या कौतुकानं सांगायची, सून उजळ आहे. मग तुझ्या तळहाताच्या रेघा काळ्या झाल्या. कोपरं, बोटांचे सांधे, मानेची घडी. आई म्हणाली, चुलीची धग. बाया आणखी काय काय म्हणाल्या. कुणी अंगारा दिला, कुणी लिंबू उतरून टाकलं. तू नुसती उठून उभी राहिलीस तरी तुझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि तू भिंत धरायचीस. भाकरी अर्धी खाऊन बाजूला सारायचीस. एकदा मी दुपारी अवचित घरी आलो तर तू मडक्यातून खडेमीठ काढून खडीसाखरेसारखं चघळत होतीस. मला पाहून मूठ पदराखाली नेलीस.

"कुनाला सांगू नका," म्हणालीस. "म्हनतील, डोहाळं लागलं."

डोहाळे नव्हते. म्हणूनच ते सांगताना तुझे डोळे भरले होते.

नंतर पवनेवर धुणं धुताना तू घाटाच्या पायरीवरच कोसळलीस. बायांनी तुला उचलून आणलं. तेव्हा आमच्या स्टेशनमास्तरांनी मला पुण्याच्या डॉक्टरांचं नाव दिलं आणि दुसऱ्या दिवशी मी तुला घेऊन गेलो. आठवतं ना? म्हातारे होते, हळू बोलायचे. त्यांनी आधी तुझ्या हिरड्या बघितल्या, मग तळहात उलटेसुलटे करून बघितले, निजवून आणि उभं करून रक्तदाब घेतला, आणि एकदम विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का गं?"

तू त्या अशक्तपणातही हसलीस. "तुमास्नी कुनी सांगितलं?"

"तुझ्या हातानं सांगितलं," ते म्हणाले.

मग त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून जे सांगितलं ते मी आजही शब्दन् शब्द म्हणून दाखवीन. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहानशा ग्रंथी असतात. मेंदूच्या तळाशी आणखी एक ग्रंथी असते, वाटाण्याएवढी. माणसावर काही ओढवलं, ताप आला, जखम झाली, भीती वाटली, कुणी गेलं, की मेंदूकडून त्या वाटाण्याला हुकूम सुटतो, आणि तो रक्तातून खालच्या दोघींना निरोप धाडतो. त्या आपला रस सोडतात. त्या रसाच्या जोरावर माणूस तग धरतो. रक्ताचा दाब टिकतो, साखर टिकते, मीठ अंगात राहतं. पुरेसा रस वर पोचला की मेंदू समजतो, काम झालं, आणि निरोप थांबवतो. दिवसभर हे चालूच असतं, आपल्याला पत्ताही नसतो.

"लहानपणी तुझ्या छातीत धरलं होतं ना?" त्यांनी तुला विचारलं. "तो क्षय तेव्हा बरा झाल्यासारखा वाटला. पण जाता जाता त्यानं त्या दोन ग्रंथी खाल्ल्या. आता वरून निरोप येतो आणि खालून उत्तर जात नाही. मग वरून आणखी मोठ्यानं हाका. रात्रंदिवस हाका. त्या हाकांमुळंच कातडी काळी होते."

तू जरा वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "म्हंजे हाका मारून मारून काळी झाले व्हय मी?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तसंच म्हण," म्हणाले.

हौसा, आता कळतं, त्या दिवशी मी नीट ऐकलं ते फक्त औषधाचं. गोळी निघाली आहे, परदेशातून येते, मुंबईहून मागवावी लागेल, जन्मभर रोज घ्यायची, सोबत मीठ जास्त खायचं. बस. मला वाटलं, सुटलो. माझ्याच पार्सल ऑफिसात तुझी पहिली बाटली आली. गाडी अजून फलाटावर उभी होती आणि मी ते खोकं फोडत होतो. तू विचारलंस, पिंपरीला औषधांचा एवढा मोठा कारखाना झालाय, तिथं न्हाई का होत माजी गोळी? मी म्हटलं, तिथलं औषध वेगळं. तू म्हणालीस, "मग त्यास्नी सांगा की, माजीबी करा म्हनावं." जणू चक्कीवर दळण टाकून यायचंय.

आणि तू परत आलीस. दुसरा शब्द नाही. रेघा पुसट झाल्या, गालावर मांस आलं. एके दिवशी घरी येतो तर तू दोरीवरच्या धुण्यावरून गंगूकाकूशी कडाकडा भांडत होतीस, पदर खोचून, आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. मी कोपऱ्यावर उभा राहून ते सगळं भांडण ऐकलं. मला इतकं बरं वाटलं होतं की मी मुद्दाम पुढं आलो नाही.

त्याच दिवसांत तू मला शपथ घातलीस. डॉक्टर म्हणाले होते, मोठा धक्का बसला तर तुझ्या शरीराला तो आपल्या बळावर पेलता येणार नाही, गोळी वाढवावी लागेल. घरातल्यांनी त्यातलं फक्त धक्क्याचंच ऐकलं. आई तुझ्यापासून सगळं लपवायला लागली. कुणाचा बैल मेला तरी कुजबूज, कुणाची सून माहेरी गेली तरी कुजबूज. तुला ते सोसेना. एका संध्याकाळी चुलीपुढून उठलीस आणि माझा हात घेऊन आपल्या डोक्यावर ठेवलास.

"माज्यापासून कायबी लपवायचं न्हाई. वाईट आसंल तर गोळी द्या आन् सांगा. पर सांगा. मी काय मातीचं मडकं न्हाई."

"नाही लपवणार," मी म्हणालो.

"आन् मीबी न्हाई लपवनार," तू म्हणालीस. तूच म्हणालीस. मी मागितलं नव्हतं.

मग तुझी आई गेली. चाकणच्या बाजारातून आलेल्या माणसाबरोबर तुझ्या वडिलांनी, आबांनी, निरोप धाडला. माझ्या आईनं मला परसात ओढून नेलं. "सांगू नगंस. चार दिसांनी सांगू. पोरीच्या जिवावर बेतंल." मला आईचं खरं वाटलं आणि तुझंही खरं वाटलं. मी आत आलो, बाटलीतून दोन गोळ्या काढल्या, तांब्या भरला आणि तुझ्यापुढं धरल्या. तू तांदूळ निवडत होतीस.

"आत्ता?" तू म्हणालीस. "आत्ता तर न्हाई येळ." आणि माझ्या हातातल्या दोन गोळ्यांकडे बघितलंस. एकीच्या जागी दोन. तुझ्या चेहऱ्यावरचं सगळं हललं आणि परत स्थिर झालं. "कोन गेलं?"

मी गोळ्या आणखी पुढं केल्या.

तू गोळ्या घेतल्यास. पाणी प्यालीस, सगळा तांब्या. ओंजळीतले तांदूळ सुपात परत ठेवलेस. "आता सांगा," म्हणालीस.

भोसरीपर्यंत बैलगाडीनं गेलो, तिथून नाशिककडे जाणारी एस.टी. धरली. तू सगळी वाट रडलीस, ओरडून रडलीस, गाडीतले लोक वळून बघत होते. मी तुझी नाडी धरून बसलो होतो, आणि ती चालत होती, हौसा, नीट चालत होती. आईच्या मागं तुला रडता आलं आणि तू जगलीस. परत आल्यावर डॉक्टरांना सांगितलं तर ते माझ्या आईला म्हणाले, "बघा, दुःखानं ती मेली नाही. दुःखाला लागणारी रसद तिला मिळाली, एवढंच लागतं." त्या दिवशी मला वाटलं, आपण जिंकलो. आता काहीही येऊ दे.

मग मुलाचं निघालं.

मी नको म्हणत होतो. अजून म्हणतो. ऐकू येतंय का? अजून नकोच म्हणतो! डॉक्टरांनी दार पूर्ण बंद केलं नव्हतं. ते म्हणाले, होऊ शकतं, या गोळीमुळं आता होऊ शकतं, पण पहिल्या दिवसापासून मला कळलं पाहिजे. आणि उलटी झाली तर घरी वाट बघत बसायचं नाही. गोळी उलटून पडली की ती घेतलीच नाही असं समजायचं. मग सुईनंच द्यावं लागतं. आपण दोघांनी ऐकलं. तू मान डोलावलीस.

घरी आल्यावर तू म्हणालीस, "तुमास्नी मला फळीवर ठिवायची हाय. बरनीवानी. पुसायची आन् ठिवायची."

"मला तू हवीस. मूल नको."

"आन् मला?"

"तुला काय?"

"मला काय हवं, त्ये कुनी इचारायचं?"

मी म्हणालो, तू मेलीस तर मी काय करू? इतकं उघड मी तोवर कधी बोललो नव्हतो. तू माझ्याकडे बघितलंस, काहीतरी बोलणार होतीस, ओठ उघडले होते. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली आणि तू उठलीस. नंतर आपण जेवलो. ते वाक्य तुझ्या तोंडातच राहिलं. काय होतं ते? मी वेड्यासारखा वेगवेगळी वाक्यं तुझ्या तोंडी घालून बघतो. एकही बसत नाही.

त्या दिवसांत माझी ड्यूटी सकाळची होती. मी झुंजुमुंजूला निघायचो. तुला उलट्या सकाळी व्हायच्या, मी गेल्यावर, परसातल्या गोठ्याच्या मागं. हे मला नंतर कळलं. गंगूकाकूला कळलं होतं, आईला कळलं होतं. दोघी गालातल्या गालात हसत होत्या. बाईला ओकाऱ्या लागल्या की घरात कुणी घाबरतं का? तुला चिंच आणून देत होत्या. दिवस भरवशाचे होईपर्यंत नवऱ्याला सांगायचं नाही, असं ठरलं होतं तुमचं. आई बोटं मोडून तुझी दृष्ट काढत होती, आणि तू रोज गोळी गिळत होतीस, आणि रोज ती गोठ्यामागच्या मातीत पडत होती.

तुझ्या बोटांच्या सांध्यांवर काळं परत दिसलं तेव्हा मी विचारलं होतं. विचारलं होतं ना? "उनात बसून वाळवान घातलं," म्हणालीस. माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस.

वाटाणा पुन्हा हाका मारत होता, हौसा. तुझ्या सगळ्या अंगावर त्या हाका उमटत होत्या आणि तू त्यावर पदर ओढत होतीस.

त्या दिवशी गंगूकाकू स्टेशनात आली ती अनवाणी, धापा टाकत. "हौसा उठंना," एवढंच म्हणाली. पावती पुस्तक तिथंच टाकून मी धावलो. तू स्वयंपाकघरात जमिनीवर होतीस, अंग गार, घामानं भिजलेलं, ओठ सुकलेले. तुझ्या गेलेल्या बयेला हाक मारत होतीस, ती दारातच उभी असल्यासारखी.

"कधीपासून असं?" मी ओरडलो.

आई भिंतीला टेकली. "दीस गेल्यात रे तिला. उलट्याच हायेत नुसत्या."

मला मूल होणार होतं हे मला असं कळलं. आनंदाला एक क्षणही मिळाला नाही. त्याच वाक्यात तू मरत होतीस.

मी तुला खांद्यावर टाकलं. तुझं काही वजनच नव्हतं. स्टेशनमास्तरांनी पुण्याची गाडी आपल्या जबाबदारीवर थांबवून धरली, गार्डानं आपल्या डब्यात सतरंजी अंथरली. दापोडीच्या पुलावर तुला शुद्ध आली. मला ओळखलंस.

"सांगनार व्हते," म्हणालीस. "आनखी थोडं दीस गेल्यावर."

"बोलू नकोस," मी म्हणालो. "दम राख."

तू ऐकलंस. आयुष्यात प्रथमच माझं लगेच ऐकलंस. पुढं बोललीच नाहीस.

इस्पितळात त्यांनी सुई दिली, मिठाचं पाणी शिरेतून चढवलं. डॉक्टर स्वतः धावत आले. पण शीर सापडत नव्हती, आणि सापडली तेव्हा रक्ताचा दाब इतका खाली गेला होता की... नको. तू तिथं होतीस. तुला ठाऊक आहे. भर दुपारी गेलीस. बाहेर टांगेवाले गिऱ्हाइकावरून वाद घालत होते.

मी डॉक्टरांचा कोट धरला. "चार दिवस आधी आणली असती तर?" त्यांनी माझा हात सोडवला नाही. मी परत विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "ती कोसळली असेल तेव्हा वरून किती मोठ्यानं हाक गेली असेल, याची तुम्हाला कल्पना करता येणार नाही. कुणीच ऐकायला नव्हतं." मग ते वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

घरी आई जेवत नाही. माझ्या पायाशी येऊन बसते. "मला काय ठावं रे लेकरा, उलटी म्हंजी मरान आसतंय," म्हणते. तिचं काय चुकलं? चांगल्या घरात सुनेला उलट्या झाल्या की पेढे वाटतात. मी तिला म्हणतो, "आई, तुझं काही चुकलं नाही," आणि आतून वाटतं, हिला गदागदा हलवावं. मग तिचा हात धरून बसतो. मला माझीच भीती वाटते, हौसा. एकट्यानं रुळावरून घरी जाऊ नका, असं मास्तरांनी मला बजावलंय. हमाल सोबत येतो.

दहाव्याला तुझे आबा आले. घाटावरचे विधी झाल्यावर पाण्याच्या कडेला माझ्याशेजारी बसले. मला वाटलं, यांना सांगितलं पाहिजे. आई सांगू नको म्हणाली होती. म्हातारा आहे, लेक गेली तेच पुष्कळ झालं, वर नातवाचं कशाला. पण मला आता लपवणं सहन होत नाही, कुणाचंच. मी म्हणालो, "आबा, हौसाला दिवस गेले होते."

आबा पाण्याकडे बघत होते. "ठावं हाय," म्हणाले. "तिनं सांगावा धाडला व्हता. कांद्याच्या गाडीवाल्याबरूबर."

आळीला ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं. चाकणच्या बाजाराला ठाऊक होतं. उलटीचा अर्थ ज्याला कळत होता, त्या एकट्याला सोडून सगळ्यांना.

"मला का नाही सांगितलं, आबा?" मी म्हणालो. "शपथ होती आमची. मला का नाही?"

आबांनी मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं.

"इचारलं म्या तिला, उलट निरोप धाडून," ते म्हणाले. "जावयास्नी सांगितलं का गं? तर म्हनली, त्ये लई भ्यात्यात, आबा. माज्यापायी दीसरात भ्यात्यात, झोपत न्हाईत. जरा त्यास्नी निवांत राहू द्या. मग सांगीन."

हौसा, तू मला जपत होतीस.

दोन मेलेल्या ग्रंथी घेऊन तू माझी काळजी वाहत होतीस, माझं काळीज धडधडू नये म्हणून, माझी झोप मोडू नये म्हणून. अगं, मी धडधाकट माणूस. मला भीती वाटली तर माझ्या अंगात सगळं जागच्या जागी आहे. त्या दिवशी तुला खांद्यावर टाकून मी घरापासून फलाटापर्यंत पळत गेलो, मला दमसुद्धा लागला नाही. तू गेलीस, तरी मी कोसळलो नाही. चालतो, कामावर जातो, पावत्या फाडतो. एवढं सगळं सोसण्याची सोय माझ्यात होती. थोडी भीती मला सहज झेपली असती.

मला घाबरू द्यायचं होतंस गं. मला सांगायचं होतंस.